धावपट्टीवरची आग: दैव आणि पुरुषार्थ

विमान जमिनीवर असतानाच लागलेली आग आकाशातल्या आगीपेक्षा कमी भयंकर वाटते. खाली जमीन असते, दोन्ही बाजूंना दरवाजे असतात, अग्निशमनाच्या गाड्या हाकेच्या अंतरावर उभ्या असतात. तरीही अशा आगीत पन्नासहून अधिक माणसे दगावली आहेत, आणि अशाच आगीतून शे-दीडशे माणसे किरकोळ दुखापतींवर निभावून बाहेरही आली आहेत. हा फरक कशामुळे पडतो? वाचलेल्यांच्या घरचे देवाचे आभार मानतात, गेलेल्यांच्या घरचे नशिबाला बोल लावतात, आणि चौकशी अधिकारी वेल्डिंगच्या एका सांध्याकडे बोट दाखवतात. तिघेही एकाच घटनेबद्दल बोलत असतात. दैव मोठे की पुरुषार्थ, हा भारतीय विचारातला फार जुना वाद येथे जितका उघडा पडतो तितका क्वचितच इतरत्र पडत असेल. कारण सारे काही दीड-दोन मिनिटांत घडते आणि मागाहून त्यातल्या सेकंदासेकंदाचा हिशेब लिहून ठेवला जातो.

प्रत्येक उड्डाणापूर्वी विमानाचे वजन, तापमान, वारा आणि धावपट्टीची लांबी यांवरून एक वेग काढला जातो. वैमानिक त्याला ‘व्ही-वन’ म्हणतात. या वेगापर्यंत उड्डाण रद्द करून विमान उरलेल्या धावपट्टीवर थांबवता येते. त्यापुढे इंजिनाने पेट घेतला तरी उडायचे, वर जाऊन आग आवरायची आणि फेरी मारून उतरायचे, असा दंडक आहे. विमान धाव घेत असताना कॅप्टनचा हात थ्रॉटलवर असतो आणि ‘व्ही-वन’ असा पुकारा होताच तो तिथून उचलला जातो. ही हालचाल अगदी लहान आहे, पण तिच्यामागे मोठा विचार आहे. ज्या पर्यायाकडे आता वळायचे नाही त्यापासून हातच दूर नेलेला असतो, म्हणजे घाबरलेल्या मनाला तो पर्याय वापरण्याची सोयच उरत नाही. निर्णय शांत वेळी घेतला जातो आणि पाळला जातो संकटात. व्रत घेणाऱ्याची रीतही अशीच असते.

उड्डाण रद्द झाले तर पुढचा क्रमही ठरलेला असतो. विमान थांबवून पार्किंग ब्रेक लावायचा, पेटलेल्या इंजिनाचे इंधन तोडायचे, आगीचे हँडल ओढायचे. हँडल फिरवले की विझवणाऱ्या वायूची एक बाटली इंजिनात रिकामी होते. तीस सेकंद वाट पाहायची. आगीच्या इशाऱ्याचा दिवा विझला नाही तर दुसरी बाटली सोडायची. प्रवाशांना उतरवायचे ठरले तर आधी सर्व इंजिने बंद करायची आणि मगच ‘बाहेर पडा’ असा आदेश द्यायचा. यातली प्रत्येक पायरी पूर्वी कुठेतरी कुणीतरी किंमत मोजल्यावर लिहिली गेली आहे.

कठीण भाग असतो तो आधी, म्हणजे नेमके काय झाले आहे हे कळण्याचा. पंखाखालचे इंजिन कॉकपिटमधून दिसत नाही. न्यायदर्शनात ज्ञानाची जी साधने सांगितली आहेत, त्यांपैकी प्रत्यक्ष येथे जवळजवळ बाद होते. उरते अनुमान, आणि शब्द, म्हणजे विश्वासू माणसाने दिलेली वार्ता. १४ सप्टेंबर २०२२ रोजी मस्कतहून कोचीला निघालेले एअर इंडिया एक्सप्रेसचे बोइंग ७३७ उड्डाणासाठी सरकत असताना त्याच्या इंजिनातून निघणारा धूर दुसऱ्या विमानाच्या वैमानिकांना दिसला. कॉकपिटमध्ये आगीचा इशारा वाजलेला नव्हता. आपल्या समोरचे काटे काही सांगत नसताना परक्या माणसाच्या सांगण्यावर विमान थांबवायचे आणि १४१ प्रवाशांना स्लाइडवरून खाली उतरवायचे, असा तो निर्णय होता. सगळ्यांचे प्राण वाचले. शब्दप्रमाणाला दुय्यम मानणाऱ्यांनी या प्रसंगाचा विचार जरूर करावा.

अनुमान चुकले की काय होते ते मँचेस्टरला दिसले. २२ ऑगस्ट १९८५ च्या सकाळी ब्रिटिश एअरटूर्सचे बोइंग ७३७ सुट्टीवर निघालेल्या १३१ प्रवाशांना आणि ६ कर्मचाऱ्यांना घेऊन ग्रीसमधल्या कॉर्फू बेटाकडे जायला धावू लागले. ‘व्ही-वन’च्या आधीच एक दणका ऐकू आला. टायर फुटला असावा किंवा पक्षी धडकला असावा असे वैमानिकांना वाटले. उड्डाण लगेच रद्द झाले. हा निर्णय अचूक होता. पण टायर फुटल्याच्या समजुतीने ब्रेक जपून लावले गेले. काही सेकंदांनी आगीची घंटा वाजली, टॉवरनेही मोठी आग दिसत असल्याचे कळवले. तोवर विमान धावपट्टी सोडून उजवीकडच्या टॅक्सीवेवर वळण्याच्या बेतात होते. धावपट्टी इतरांसाठी मोकळी करणे ही वैमानिकाच्या हाडीमासी मुरलेली सवय. ते वळण घेतल्यावर पश्चिमेचा हलका वारा डावीकडून येऊ लागला आणि डाव्या इंजिनाखाली सांडलेल्या इंधनाच्या ज्वाळा थेट विमानाच्या अंगावर लोटल्या गेल्या. विमान थांबल्यावर मिनिटाच्या आत आग मागच्या भागात शिरली. एकूण ५५ जणांचा मृत्यू झाला, त्यांतले बहुतेक जण भाजून नव्हे तर विषारी धुराने गुदमरून. जळणाऱ्या सीटच्या फोममधून आणि भिंतींच्या अस्तरातून निघणाऱ्या वायूंनी काही श्वासांतच त्यांची शुद्ध हरपली होती.

मरण पावलेल्यांतले बरेचसे मागच्या बाजूला बसलेले होते. पाचव्या रांगेतला वाचला आणि अठराव्या रांगेतला गेला, तर यात कुणाचे काय पाप? सीटचा क्रमांक कुणी पुण्याईने मिळवत नाही. अशा वेळी ‘त्याची वेळ भरली होती’ हे वाक्य आपसूक ओठांवर येते. ते वाक्य दुःखात आधार देते, आणि दुःखात असलेल्या माणसाकडून ते हिरावून घेण्याचा अधिकार कुणालाही नाही. पण घडलेल्याचे स्पष्टीकरण म्हणून ते स्वीकारले, तर पुढच्या विमानातल्या अठराव्या रांगेचे काय करायचे हा प्रश्न अनुत्तरित राहतो.

योगवासिष्ठाच्या मुमुक्षुव्यवहार प्रकरणात वसिष्ठ रामाला दैवाबद्दल जे सांगतात ते या संदर्भात विलक्षण नेमके आहे. त्यांच्या मते दैव नावाची स्वतंत्र शक्ती नाही. पूर्वी केलेला प्रयत्नच पुढे दैव म्हणून समोर येतो. जुना प्रयत्न आणि आजचा प्रयत्न दोन एडक्यांसारखे एकमेकांशी झुंजतात आणि जो बळकट असेल तो जिंकतो. महाभारताच्या अनुशासनपर्वातली मांडणी थोडी वेगळी आहे. तिथे पुरुषार्थाला शेत आणि दैवाला बी म्हटले आहे, म्हणजे एकावाचून दुसरे फळत नाही. वसिष्ठांचा पक्ष अधिक कठोर आहे, आणि मँचेस्टरच्या आगीला तोच अधिक लागू पडतो.

कारण त्या दिवशीचे जे दैव होते त्याची वंशावळ शोधता येते. डाव्या इंजिनातल्या ज्वलनकक्षाच्या एका डब्याला तडे गेलेले होते आणि १९८३ साली ते वेल्डिंगने सांधलेले होते. तोच डबा फुटला. आदल्या दिवशी हे इंजिन वेग घ्यायला आळसते अशी नोंद विमानाच्या वहीत झालेली होती. तिच्यातून धोक्याचा अर्थ कुणी काढला नाही. डब्याचा तुकडा पंखाखाली इंधनटाकीच्या ज्या झाकणावर आदळला, ते झाकण आजूबाजूच्या पत्र्याहून बरेच कमजोर होते. पुढच्या दारापाशी दोन आडभिंतींमधली वाट जेमतेम ५७ सेंटिमीटरची होती. पंखावर उघडणाऱ्या खिडकीवजा दाराचे झाकण सुमारे २२ किलोचे होते आणि ते उघडताना आतल्या बाजूला पडत असे. शेजारच्या सीटवरच्या प्रवाशाच्या अंगावर ते पडले आणि वाट मोकळी व्हायला मोलाचे क्षण गेले. यातली एकही गोष्ट त्या सकाळी जन्मलेली नव्हती. प्रत्येकीमागे कुणीतरी कधीतरी केलेली किंवा न केलेली कृती होती.

येथे मात्र वसिष्ठांच्या विचाराला एक जोड द्यावी लागते. त्यांचे विवेचन एकाच जीवाचे आहे: ज्याचा जुना प्रयत्न, त्याचेच आजचे दैव. धावपट्टीवर हे नाते तुटते. वेल्डिंग केले एकाने, नकाशा काढला दुसऱ्याने, नियमाला मान्यता दिली तिसऱ्याने, आणि फळ भोगले भलत्याच कुणीतरी, ज्याने या तिघांचे तोंडही पाहिले नव्हते. कर्मसिद्धांताचा नेहमीचा अर्थ, म्हणजे ज्याचे कर्म त्यालाच फळ, या ठिकाणी पुरत नाही. एका माणसाचा पुरुषार्थ दुसऱ्याचे दैव होतो, आणि आधुनिक जगात तो बहुतेक वेळा तसाच होतो. पूल बांधणारा, औषध बनवणारा, विजेची तार ओढणारा, हे सगळे अनोळखी लोकांचे प्रारब्ध घडवीत असतात. ही जाणीव धर्मबुद्धीचा भाग व्हायला हवी, कारण तिच्याशिवाय कामातली हयगय ही केवळ नोकरीतली चूक ठरते आणि तिचे खरे वजन कळत नाही.

गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, साधने, निरनिराळ्या हालचाली आणि पाचवे दैव. असे असताना जो केवळ स्वतःलाच कर्ता समजतो त्याला खरे दिसत नाही, असेही तिथे पुढे म्हटले आहे. विमान अपघातांच्या चौकशीची आंतरराष्ट्रीय पद्धत याच्या फार जवळ जाते. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या तेराव्या परिशिष्टानुसार चौकशीचा एकमेव हेतू पुढचे अपघात टाळणे हा आहे. कुणावर दोष ठेवणे हा नाही. मँचेस्टरच्या अहवालातही धातू, वारा, रचना, प्रशिक्षण, धूर या सगळ्यांचा माग काढला गेला आणि एकट्या कॅप्टनवर बोट रोखून चौकशी थांबली नाही. यात कुणी जबाबदारीची सुटका पाहील, पण तसे नाही. एकच अपराधी सापडला की बाकीचे निश्चिंत होतात. कारणे पाच असली तर पाचही ठिकाणी काम करावे लागते.

कर्त्याचा वाटा यामुळे कमी होत नाही, हे केबिन क्रूकडे पाहिले की कळते. मँचेस्टरला पुढचा उजवा दरवाजा स्लाइडच्या डब्याचे झाकण अडकल्याने अडला. मुख्य कर्मचाऱ्याने तो नाद सोडला, डावा दरवाजा किंचित उघडून ज्वाळा तिथवर पोहोचलेल्या नाहीत याची खात्री केली, तो पुरता उघडला, आणि परत येऊन उजवा दरवाजाही मोकळा केला. आडभिंतींच्या त्या अरुंद वाटेत माणसे एकमेकांत अडकून बसली तेव्हा त्याच्या सहकारी महिलेने पुढचा एक जण ओढून काढला आणि तुंबलेली रांग वाहू लागली. मागच्या दाराशी नेमलेल्या दोघी जिवंत परतल्या नाहीत. १९८७ मध्ये या चौघांनाही ‘क्वीन्स गॅलंट्री मेडल’ देण्यात आले, त्या दोघींना मरणोत्तर.

कर्मचाऱ्यापुढे अशा वेळी दोन कर्तव्ये उभी असतात: आदेशाची वाट पाहणे आणि डोळ्यांसमोरचा जीव वाचवणे. लोकमान्य टिळकांनी गीतारहस्यातल्या ‘कर्मजिज्ञासा’ या प्रकरणात दाखवले आहे की अहिंसा आणि सत्य यांसारखे मोठे नियमही प्रसंगी एकमेकांवर आदळतात, आणि तेव्हा नियमाची नुसती उजळणी करून भागत नाही. १९ ऑगस्ट १९८० रोजी रियाधला सौदिया या विमान कंपनीचे ट्रायस्टार विमान जळत्या मालकक्षासह सुखरूप उतरले. पण ते लगेच थांबले नाही, इंजिने बंद व्हायला आणखी वेळ गेला आणि आतून एकही दरवाजा उघडला गेला नाही. विमानातले सर्व ३०१ जण मृत्युमुखी पडले. ते विमान उड्डाणाच्या नव्हे तर उतरण्याच्या टप्प्यात होते, तरी आदेशाची वाट पाहण्याची किंमत याहून स्पष्टपणे क्वचितच दिसली असेल. आज केबिन क्रूला शिकवले जाते की जिवाला उघड धोका असेल आणि कॉकपिटकडून उत्तर येत नसेल तर त्यांनी स्वतः लोकांना बाहेर काढायला सुरुवात करावी.

पण या मुभेलाही दुसरी बाजू आहे. २८ ऑक्टोबर २०१६ रोजी शिकागोच्या ओहेअर विमानतळावर अमेरिकन एअरलाइन्सच्या बोइंग ७६७ चे उजवे इंजिन धाव घेताना फुटले आणि पंखाने पेट घेतला. उड्डाण तत्काळ रद्द झाले. केबिनमध्ये ज्वाळा दिसत होत्या म्हणून कर्मचाऱ्यांनी दरवाजे उघडले. कॉकपिटमध्ये त्या वेळी इंजिनाच्या आगीची तपासयादी ओळीने वाचली जात होती. या यादीत जमिनीवरची आग आणि आकाशातली आग असा भेदच केलेला नव्हता. परिणामी डावे इंजिन चालूच राहिले आणि बाहेर पडलेला एक प्रवासी त्याच्या झोताने फेकला जाऊन गंभीर जखमी झाला. दोन्हीकडच्या माणसांनी आपापला नियम पाळला होता. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात दिलेल्या गीताप्रवचनांत विनोबांनी बाहेरच्या कर्माला आतल्या मनाची जोड हवी असे सांगितले आणि त्या जोडीला विकर्म म्हटले. शिकागोच्या कॉकपिटमध्ये यादी होती, पण आपण आता जमिनीवर आहोत आणि मागे माणसे उतरू लागली असतील, हे भान तिच्यात मिसळलेले नव्हते. प्रशिक्षणातून हे भान आणता येते, मात्र केवळ पाठांतरातून नाही.

प्रवाशांचा प्रश्न याहून अवघड आहे, कारण त्यांनी कसलीही शपथ घेतलेली नसते. मोठे प्रवासी विमान बाजारात येण्याआधी निम्मेच दरवाजे वापरून, अंधारात, नव्वद सेकंदांत रिकामे करून दाखवावे लागते. मार्च २००६ मध्ये हॅम्बुर्गला एअरबस ए-३८० मधून ८७३ माणसे ७८ सेकंदांत बाहेर पडली. मँचेस्टरला त्याहून कितीतरी कमी माणसांना इतक्या वेळात बाहेर पडता आले नाही. इंग्लंडमधल्या क्रॅनफिल्ड येथे मानसशास्त्रज्ञ हेलन म्युअर यांनी यामागचे कारण शोधले. त्यांनी स्वयंसेवकांना एका विमानात बसवून बाहेर पडायला सांगितले. काही फेऱ्यांत साधी सूचना होती; काही फेऱ्यांत आधी बाहेर पडणाऱ्या निम्म्या लोकांना पाच पौंड जादा मिळणार होते. साध्या फेऱ्यांत माणसे रांगेने निघाली. बक्षिसाच्या फेऱ्यांत तशाच माणसांनी सीटवरून उड्या मारल्या, अरुंद वाटेत एकमेकांना दाबून धरले आणि दार तुंबवले. ना आग होती, ना धूर. फक्त पाच पौंड होते.

मनुष्य मुळात स्वार्थी आहे की परोपकारी, हा वाद या प्रयोगापुढे उथळ वाटू लागतो. सारखीच माणसे दोन्ही प्रकारे वागतात, आणि कोणत्या प्रकारे वागतील हे बऱ्याच अंशी वाटेची रुंदी ठरवते. आडभिंतींमधले अंतर वाढवले की चढाओढीतही लोंढा वाहत राहिला. दाराशी खणखणीत आवाजात हुकूम देणारे दोन कर्मचारी उभे असले की माणसे लवकर बाहेर पडतात, हेही पुढच्या प्रयोगांत दिसून आले. सद्गुण हा केवळ अंतःकरणात राहत नाही, तो भिंतींच्या अंतरातही राहतो. ज्याने ही अंतरे ठरवायची त्याच्या हाती शेकडो अनोळखी लोकांचा चांगुलपणा असतो.

तरीही प्रवाशाच्या वाट्याला एक गोष्ट उरतेच: डोक्यावरच्या कप्प्यातली बॅग. शिकागोच्या विमानातूनही लोक बॅगा घेऊन उतरले. याला लोभ म्हणून निकालात काढणे सोपे आहे. प्रत्यक्षात त्या बॅगेत पासपोर्ट असतो, औषधे असतात, आखाती देशात राबणाऱ्या मजुराची वर्षाची कमाई असते. तिच्याशिवाय परक्या देशात आपण कुणीच नाही, ही भीती खरी आहे. पण बॅग काढायला लागणारे चार-पाच सेकंद ज्याच्याकडून घेतले जातात तो मागे उभा असतो आणि बॅग घेणाऱ्याला तो दिसत नाही. अपरिग्रहाचा उपदेश सहसा स्वतःच्या मुक्तीसाठी केला जातो. येथे बॅग सोडून देणे हे पाठीमागच्या माणसाचे देणे ठरते. २ जानेवारी २०२४ ला टोकियोच्या हानेदा विमानतळावर उतरताना पेटलेल्या जपान एअरलाइन्सच्या विमानातून सगळेच्या सगळे ३७९ जण बाहेर पडू शकले, त्यात सामान मागे ठेवण्याचा वाटा मोठा होता.

मँचेस्टरनंतर बरेच काही बदलले. सीटच्या गाद्यांना आगरोधक आवरण आले. धुरात वाट दिसावी म्हणून जमिनीलगत दिवे आले. पंखावरच्या दाराजवळच्या सीटची मांडणी सैल झाली. बोइंग ७३७ च्या नव्या पिढीत ते जड झाकण वरच्या बिजागरीवर बाहेरच्या बाजूने उघडू लागले. एका आगीतून काढलेला पुरुषार्थ पुढच्या प्रवाशांचे दैव झाला, आणि वाचलेल्यांपैकी बहुतेकांना हे ठाऊकही नसते.

एक शिफारस मात्र बाजूला पडली. धुराने इतके बळी घेतले होते म्हणून प्रत्येक प्रवाशासाठी स्मोक हूड, म्हणजे डोक्यावरून ओढून घ्यायचे धूररोधक आवरण, ठेवण्याचा विचार चौकशीतून पुढे आला. त्याला विरोध करणाऱ्यांचे म्हणणे असे की आवरण शोधून चढवण्यात वेळ जाईल, बाहेर पडायला उशीर होईल आणि धुरापासून जितके वाचतील त्याहून जास्त आत अडकतील. समर्थकांचे म्हणणे असे की मँचेस्टरला माणसे दारापर्यंत पोहोचण्याआधीच बेशुद्ध पडली, तेव्हा वेळेचा हिशेब वेगळा करायला हवा. दोन्ही पक्षांना माणसेच वाचवायची होती. किती अनोळखी जीव कोणत्या बाजूला मोजायचे, एवढाच वाद होता. सक्ती झाली नाही. पाण्यावरून उडणाऱ्या विमानात आजही प्रवाशाच्या सीटखाली जीवनरक्षक जाकीट असते. धुरात श्वास घेण्यासाठीचे संच विमानात असतात, पण ते कर्मचाऱ्यांपुरते.